शालू हिरवा होता की चॉकलेटी?

प्रश्न : आईबाबांचं लग्न १९८२ सालचं. रंगीत फोटोंचा अल्बम घरात आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी घरच्या ऑल-इन-वन प्रिंटरवर सगळे फोटो स्कॅन केले आणि संगणकावर बघून हिरमुसले. सगळ्या फोटोंवर लालसर झाक. चेहऱ्यांवर बारीक पांढरे ठिपके, जणू कुणी रवा भुरभुरवलाय. मोठं करून बघावं तर धूसर. आई म्हणते, ‘माझा शालू हिरवा होता.’ स्कॅनमध्ये तो चॉकलेटी दिसतो. ४८०० डीपीआयवर पुन्हा स्कॅन केले तर दर्जा सुधारेल का? की नवा स्कॅनर घ्यावा? (एक वाचक, कराड)

उत्तर : आईचं म्हणणं खरं माना. शालू हिरवाच असणार, आणि आता तो चॉकलेटी दिसतो हाच त्याचा पुरावा.

त्या काळच्या रंगीत प्रिंटवर रंगांचे तीन थर असतात. एक आकाशी-निळा, ज्याला छपाईवाले सायन म्हणतात, दुसरा किरमिजी, म्हणजे त्यांचा मॅजेन्टा, आणि तिसरा पिवळा. फोटोतलं सगळं जग या तिघांच्या मिसळीतून तयार होतं. हिरवा रंग सायन आणि पिवळा मिळून होतो. आता गोम अशी की, त्या वेळच्या बऱ्याच कागदांवरचा सायन हा तिघांतला सगळ्यात कच्चा गडी. ऊन लागू न देता, अल्बम कपाटात बंद ठेवूनही तो हळूहळू उडतोच. तो गेला की गडद हिरव्यात पिवळा आणि थोडा किरमिजी एवढंच उरतं, आणि डोळ्यांना चॉकलेटी दिसतं. बाकीचा फोटो लालसर होण्याचं कारणही हेच, कारण लाल प्रकाश शोषून घेण्याचं काम सायनकडे होतं. भिंतीवर लावलेल्या फोटोंचं मात्र उलटं होतं. तिथे उजेडाने आधी किरमिजी उडतो आणि फोटो निळसर-हिरवट पडतो. एकाच लग्नातला एक फोटो अल्बममध्ये आणि एक दिवाणखान्यात असेल तर दोघे दोन दिशांना बिघडलेले असतात. तुमच्याकडे तसे असतील तर जरूर शेजारी ठेवून बघा, गंमत आहे.

रंगाची दुरुस्ती स्कॅननंतर करायची, म्हणून तिच्याकडे शेवटी येऊ. आधी रवा.

अल्बममधला एक फोटो खिडकीपाशी नेऊन डोळ्यांसमोर तिरका धरा. पृष्ठभागावर मधाच्या पोळ्यासारखी किंवा कापडाच्या विणीसारखी बारीक जाळी दिसेल. लग्नाच्या प्रिंटसाठी हा जाळीदार कागद तेव्हा फार आवडता होता. त्यावर बोटांचे ठसे उठून दिसत नाहीत, आणि लग्नाचा अल्बम म्हणजे शंभर हातांतून जाणार. अडचण अशी की स्कॅनरचा दिवा काचेखालून एकाच बाजूने तिरका प्रकाश टाकत जातो. त्यामुळे जाळीच्या प्रत्येक उंचवट्याचा एक उतार चमकतो आणि ती चमक ठिपका होऊन उमटते. ४८०० डीपीआयवर गेलात तर हेच ठिपके आणखी ठसठशीत दिसतील, दुसरं काही नाही.

यावर एक जुनी युक्ती आहे. फोटो एकदा सरळ स्कॅन करा. मग काचेवरच उलटा फिरवा, म्हणजे डोकं खाली आणि पाय वर, आणि तेवढ्याच डीपीआयवर पुन्हा स्कॅन करा. आता उंचवट्यांचा दुसरा उतार चमकेल. संगणकावर दुसरं चित्र सरळ करून पहिल्यावर लेअर म्हणून ठेवा. जिंप हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर या कामाला पुरतं. दोन्ही चित्रं डोळ्यातल्या बुबुळावर किंवा मंगळसूत्राच्या मण्यावर तंतोतंत जुळवा आणि वरच्या लेअरची ओपॅसिटी ५० टक्के करा, किंवा ‘डार्कन’ हा पर्याय निवडा. डार्कनमध्ये प्रत्येक बिंदूला दोघांपैकी गडद असलेला घेतला जातो, त्यामुळे चमक बऱ्यापैकी गळून पडते. हे काम वेळखाऊ आहे. दीडशे फोटोंना करत बसू नका. दहा-बारा महत्त्वाचे फोटो निवडा.

उरलेल्यांसाठी स्कॅनर बाजूला ठेवून चक्क फोटोचा फोटो काढा. आपल्याकडे स्टुडिओवाले वर्षानुवर्षं असंच ‘कॉपी’ काढत आले आहेत. फोटो सपाट टेबलावर, कॅमेरा किंवा मोबाइल बरोबर वरून आणि कागदाला समांतर, दोन्ही बाजूंनी सारखा मऊ उजेड, फ्लॅश बंद. मोबाइल हातात धरू नका, दोन डब्यांवर फळी टाकून तिच्यावर टेकवा आणि टायमर लावा. ढगाळ दिवशी पडवीत किंवा गॅलरीत मिळतो तो उजेड या कामाला विकतच्या दिव्यांपेक्षा बरा. अशा पसरट उजेडात जाळी जवळजवळ दिसेनाशी होते.

आता धूसरपणा. याचं खापर लोक डीपीआयवर फोडतात, पण तुमच्या बाबतीत मला तीन गोष्टींचा जास्त संशय आहे. पहिली म्हणजे फोटो अल्बमच्या प्लॅस्टिकमधून न काढता स्कॅन केले असावेत. दुसरी, स्कॅनरची काच. तिच्यावर आधार कार्डाच्या झेरॉक्स काढताना उमटलेले सगळ्या घराचे हात असतात. तिसरी, स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधले आगाऊ मदतनीस: धूळ काढणारा, रंग ‘सुधारणारा’, कडा तीक्ष्ण करणारा, छपाईची जाळी घालवणारा. शेवटचा तर वर्तमानपत्राच्या कात्रणांसाठी आहे, खऱ्या फोटोला लावला की सगळं गुळगुळीत होतं. या सगळ्या पर्यायांपुढच्या खुणा काढून टाका. काच मऊ कापडाने पुसा. पाणी किंवा द्रव कापडावर घ्या, तेही जेमतेम. काचेवर थेट फवारलंत तर कडेने आत शिरून खालच्या बाजूला डाग पडतो आणि तो आयुष्यभर प्रत्येक फोटोत दिसतो. फोटोवरची धूळ कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणाऱ्या रबरी फुग्याने उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा बारीकसा थेंबही जिलेटिनवर कायमची खूण ठेवतो. ओलं फडकं तर फोटोजवळ आणूच नका.

आणि डीपीआय? ४ बाय ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला तर २४०० गुणिले ३६०० पिक्सेल मिळतात, म्हणजे ८६ लाखांच्या वर. लॅबमधून मोठ्या केलेल्या साध्या रंगीत प्रिंटमध्ये यापेक्षा जास्त तपशील सहसा नसतोच. तोच फोटो ४८०० वर केला तर ५५ कोटी पिक्सेल आणि एकेक फाइल दीड जीबीच्या वर. त्यात मिळतं काय? कागदाची जाळी. शिवाय स्वस्त स्कॅनरच्या खोक्यावर छापलेला मोठा आकडा कित्येकदा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो. खरा आकडा ‘ऑप्टिकल’ या शब्दापुढचा.

छोट्या फोटोंना मात्र वेगळा न्याय. पुष्कळ घरांत साठ-सत्तरच्या दशकातले चौकोनी, पांढऱ्या कडेचे, जेमतेम काड्यापेटीहून थोडे मोठे कृष्णधवल फोटो असतात. आग्फाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्याने हे फोटो घरोघरी नेले. १२० नंबरच्या रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ फोटो यायचे. पैसे वाचवायला लोक ते मोठे न करता निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून तेवढ्याच आकाराच्या प्रिंट काढून घेत. अशा प्रिंटमध्ये इंचाइंचात ऐवज असतो. तिला १२०० डीपीआय द्या. चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा असला तरी मोठा केल्यावर आजोबांच्या कोटाची बटणं मोजता येतात.

त्याहून उत्तम म्हणजे मूळ निगेटिव्ह शोधा. लग्नाच्या निगेटिव्ह बऱ्याचदा फोटोग्राफरकडेच राहायच्या, पण घरगुती रोलच्या पट्ट्या लॅबच्या पाकिटात, देव्हाऱ्याखालच्या खणात, पासबुकांच्या गठ्ठ्यात सापडतात. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवरचं चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचं असतं. २४०० डीपीआयवर त्याचे सुमारे ७७ लाख पिक्सेल होतात, आणि प्रिंटमध्ये जळून गेलेला पांढरा शर्ट किंवा काळामिट्ट झालेला कोट निगेटिव्हमध्ये बहुधा शाबूत असतो. यासाठी झाकणातही दिवा असलेला स्कॅनर लागतो. नवा स्कॅनर घ्यायचाच असेल तर फक्त या कारणासाठी घ्या, नाहीतर तेवढ्यापुरतं काम बाहेरून करून घ्या. अशा काही स्कॅनरमध्ये धूळ ओळखण्यासाठी अवरक्त किरण वापरतात. रंगीत निगेटिव्हला ही सोय छान चालते. कृष्णधवलला ती लावू नका. तिथे चित्र चांदीचं असतं, चांदी ते किरण अडवते, आणि यंत्र चेहऱ्यालाच धूळ समजून पुसायला निघतं.

आता शालू. स्कॅन करताना २४ बिटऐवजी ४८ बिट रंग निवडा आणि फाइल टिफ प्रकारात साठवा. २४ बिटमध्ये लाल, हिरव्या, निळ्या प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या असतात, ४८ बिटमध्ये ६५,५३६. सायन पुरता गेलेला नाही, फिका झाला आहे. त्याच्या उरलेल्या चिमूटभर फरकाला ताणून पूर्ण करायचं तर पायऱ्या भरपूर हव्यात, नाहीतर आकाशात पट्टे दिसू लागतात. ४ बाय ६ चा फोटो ६०० डीपीआयवर असा ठेवला तर सुमारे ५२ एमबी होतो. आजच्या हार्ड डिस्कला हे ओझं नाही.

मग या फाइलची एक प्रत काढा आणि जे काय करायचं ते प्रतीवर करा. मूळ टिफला पुन्हा हात लावायचा नाही. पोथ्या उतरवणारे शेवटी लिहून ठेवत की समोर जसं दिसलं तसं लिहिलं, दोष असेल तर मला देऊ नका. स्कॅन करणाऱ्याचं पहिलं काम तेवढंच. सजावट निराळ्या पानावर.

प्रतीवर ‘लेव्हल्स’ उघडा आणि लाल चॅनल निवडा. डोंगरासारखा आलेख दिसेल. सायन उडालेल्या फोटोत या डोंगराच्या डावीकडे, काळ्या बाजूला, मोकळं मैदान पडलेलं असतं. डावीकडचा काळा त्रिकोण सरकवत डोंगराच्या पायथ्याशी आणा. एवढ्याने निम्मा फोटो परत येतो. पहिल्यांदा करून बघाल तेव्हा मागच्या मांडवातली आंब्याची पानं अचानक हिरवी होतील. मग हिरव्या आणि निळ्या चॅनलला गरजेपुरता हात लावा. ताळा कशावर करायचा? त्वचेच्या रंगावर अजिबात नको, तिथे प्रत्येकाची आवड आडवी येते. ज्यांचा रंग ठाऊक आहे अशा वस्तू बघा. भटजींचं उपरणं पांढरं, मुंडावळ्यांचे मोती पांढरे, वऱ्हाडातल्या मुलींच्या वेण्या काळ्या. एका फोटोचं गणित जमलं की ते साठवून ठेवा. एकाच कागदावरचे, एकाच अल्बममधले फोटो बहुधा सारखेच बिघडलेले असतात, त्यामुळे तेच माप बाकीच्यांना लावून मग थोडंफार इकडेतिकडे करता येतं.

आणि तो शालू आईच्या कपाटात अजून असेल, तर बाहेर काढा. घडीची आतली बाजू, जिला उजेड लागलेला नाही, ती उलगडा. दुपारच्या उजेडात खिडकीशी स्क्रीनच्या शेजारी धरा, आणि आईला खुर्ची देऊन माउस तिच्या हाती द्या. फिल्मने तेव्हाही शालूचा रंग अगदी हुबेहूब पकडला नसणार, पण ‘हा, असाच होता’ म्हणण्याचा अधिकार फक्त तिचा.


प्रश्न : पणजोबांचा १९५० च्या आसपासचा फोटो देवघराशेजारी लटकतो आहे. काचेवर कुंकवाचा टिळा आणि चंदनाच्या हाराचे ओघळ. फ्रेम उघडली तर फोटो काचेलाच चिकटलेला. सोडवून स्कॅन कसा करावा? काळ्या कोटाच्या जागी चंदेरी तवंगही आला आहे, तो पुसता येईल का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : सोडवू नका. हे मी अनुभवाने सांगतो. कॉलेजात असताना आमच्या घरचा असाच एक फोटो मी सुरीच्या पात्याने ‘अलगद’ सोडवला होता. पगडीचा अर्धा घेर आणि एक कान काचेवर राहिला. ती काच अजून आहे, कान तिच्यावर आहे.

फोटोचा वरचा थर जिलेटिनचा. कोकणच्या पावसाळी हवेत तो ओल पिऊन फुगतो, मऊ होतो, काचेला टेकतो आणि वाळताना तिथेच घट्ट बसतो. आता काच आणि फोटो एकजीव झाले आहेत, तेव्हा काचेसकटच प्रत घ्यायची. काचेची बाहेरची बाजू किंचित ओलसर कापसाने पुसा. कडेपर्यंत जाऊ नका, ओल आत ओढली जाते. कुंकू आधी कोरड्या ब्रशने झटका.

घरगुती ऑल-इन-वन यंत्रावर काचेमागचा फोटो बहुतेक धूसर येतो. त्यातली चित्र टिपणारी पट्टी स्कॅनरच्या काचेला टेकलेल्या कागदापलीकडचं नीट बघू शकत नाही, दोन मिलिमीटर अंतरसुद्धा तिला जड जातं. जुन्या धाटणीच्या, आरसे आणि भिंग असलेल्या जाडजूड स्कॅनरना ते जमतं. तसा स्कॅनर हाताशी नसेल तर कॅमेरा. प्रतिबिंब टाळायला कॅमेऱ्यामागे काळी शाल किंवा काळं कापड ताणून धरा, त्याच्या भोकातून फक्त भिंग पुढे येऊ द्या. उजेड बाजूंनी द्या. काच ज्याचं प्रतिबिंब दाखवणार तेच काळं असलं की काच दिसत नाही.

चंदेरी तवंग म्हणजे फोटोतलीच चांदी. हवेतल्या वायूंनी आणि ओलीने ती विरघळून वर आली आणि पृष्ठभागावर पुन्हा बसली. म्हणून ती काळ्या भागातच दिसते, जिथे चांदी जास्त होती. फोटो काचेला चिकटलेला आहे तोवर तिच्यापर्यंत तुमचा हात पोचणारच नाही, आणि तेच बरं आहे. सुटा फोटो असता तरी पुसू नका म्हणालो असतो. उजेडाचा कोन बदलून बघा, एखाद्या कोनात ती झिलई मावळते. आणि हो, फोटो कृष्णधवल असला तरी प्रत रंगीतच घ्या. पिवळा डाग आणि राखाडी कोट यांतला फरक फक्त रंगीत प्रतीत कळतो, आणि त्या फरकाच्या आधारेच पुढे डाग काढता येतो.


प्रश्न : एका ॲपने पणजीचा फोटो इतका स्पष्ट करून दिला की घरात सगळे थक्क झाले. फक्त आत्याआजी म्हणाली, ‘ही माझी आई नाही.’ (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आत्याआजीला माझा नमस्कार सांगा.

असं ॲप फोटोत असलेलं बाहेर काढत नाही. त्याने लाखो चेहरे पाहिलेले असतात. तुमच्या पणजीच्या डोळ्यांच्या जागी जे चार धूसर ठिपके आहेत, तिथे कसे डोळे शोभतील याचा अंदाज करून ते नवे डोळे काढतं. पापण्या मोजता येतात, पण त्या पणजीच्या नव्हेत. आणि जे ठिपके त्याला दोष वाटतात ते ते पुसतं. आपल्या जुन्या फोटोंत हा धोका जास्तच आहे. देवीचे वण असलेले चेहरे आपल्या पणज्यांच्या पिढीत पुष्कळ होते. भारत देवीमुक्त जाहीर झाला तो १९७७ साली. ॲपच्या लेखी ते वण म्हणजे फोटोवरची बुरशी. कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण म्हणजे शाईचा डाग. नथीचा आकडा कधी ओठाची रेघ होतो. वण गेले, गोंदण गेलं, कातडी मेणासारखी झाली, मग आत्याआजी दुसरं काय म्हणणार?

गंमत म्हणून भिंतीवर लावायला काढा, माझी हरकत नाही. फक्त फाइलच्या नावातच ‘ॲपने केलेला’ असं लिहा आणि मूळ स्कॅन त्याच्या शेजारी ठेवा. पन्नास वर्षांनी कुणीतरी ‘पणजीचे डोळे घारे होते’ असं ठामपणे सांगत बसेल, आणि रंग ॲपने भरलेला असेल.


प्रश्न : सातशे फोटो स्कॅन झाले. सगळ्यांची नावं ‘स्कॅन ००१’ पासून पुढे. आता काय करावं? आणि मोबाइलवर टाकल्यावर आजोबांची १९६७ ची मुंज गेल्या रविवारी झालेली का दिसते? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : स्कॅनरला मुंजीची तारीख ठाऊक नाही. त्याने आपल्या कामाची तारीख फाइलच्या पोटात लिहिली आणि मोबाइल तीच वाचतो. फोटो व्यवस्थापनाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘काढल्याची तारीख’ बदलता येते, आणि एका वेळी पन्नास फोटो निवडून एकदमच बदलता येते.

फाइलच्या नावाची सुरुवात सालाने करा, मग महिना, मग गाव, मग प्रसंग: १९६७-०५, वाई, मुंज, ०१. महिना ठाऊक नसेल तर त्या जागी दोन शून्यं. साल आधी असलं की फाइली आपोआप काळाच्या रांगेत उभ्या राहतात. फक्त हे आकडे फाइलमध्ये टंकताना इंग्रजीच ठेवा, मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळले की रांग मोडते. फोटोच्या पाठीवर किंवा निमंत्रणपत्रिकेवर शके असेल तर ७८ मिळवा. शके १८८९ चा ज्येष्ठ म्हणजे १९६७. पौष ते फाल्गुन या टप्प्यात जानेवारी लागलेला असेल तर ७९.

खरं जिकिरीचं काम नावांचं आहे, आणि सगळा दर्जा मला विचाराल तर इथे ठरतो. ‘नाना’ एवढंच लिहिलंत तर दोन पिढ्यांनी त्या नावाचा काही उपयोग नाही. प्रत्येक घराण्यात किमान तीन नाना असतात आणि चौथा व्याह्यांचा. बायकांचं तर नावच बदलायचं. माहेरची कुसुम सासरी सुमती झाली, आडनावही बदललं, मुलं तिला ‘वहिनी’ म्हणत, नातवंडं ‘माई’. माहेरच्या फोटोतली कुसुम आणि सासरच्या फोटोतली माई एकच, हे आज ज्यांना माहीत आहे ते ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून माहेरचं पूर्ण नाव, सासरचं पूर्ण नाव आणि हाक मारायचं नाव अशी तिन्ही लिहा. फाइलमध्येच मजकूर साठवायची जागा असते, आयपीटीसी नावाने ती ओळखतात. तिथे लिहिलेलं फोटोबरोबर प्रवास करतं. निराळ्या वहीत लिहिलेलं वहीबरोबर रद्दीत जातं.

गटाचा फोटो असेल तर रांगेप्रमाणे, डावीकडून उजवीकडे: खुर्चीवरची मंडळी, मागे उभी, सतरंजीवरची पोरं. ओळखू न येणाऱ्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा, जागा गाळू नका. एखाद्या दुपारी घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या व्यक्तीसमोर हे फोटो मोठे करून ठेवा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. नावांच्या जोडीने कुणाचं कुणाशी का बोलणं बंद झालं तेही कळेल. ते फाइलमध्ये लिहायचं की नाही तुम्ही ठरवा.

फोटोची पाठही स्कॅन करा. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी शाईत लिहिलेली ओळ असते, आणि या दोन गोष्टींवरून कित्येकदा गाव आणि साल पक्कं होतं.


प्रश्न : स्कॅन व्हॉट्सॲपवर भावाला पाठवले. त्याने त्याच्या संगणकावर साठवले. म्हणजे एक जादा प्रत झाली ना? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : फोटो म्हणून पाठवले असतील तर नाही झाली. वाटेत फाइल आवळून लहान केली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलीत तर जशीच्या तशी पोचते. जादा प्रतींचा साधा हिशेब असा: एकूण तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात, शक्यतो दुसऱ्या गावात. आणि वीस वर्षांपूर्वी हौसेने सीडीवर उतरवून ठेवलेलं काही असेल तर याच आठवड्यात काढून घ्या. सीडी खराब झाली नसली तरी ती चालवणारं यंत्र घरातून केव्हाच गेलेलं असतं.


प्रश्न : सगळं नीट स्कॅन झालं की मूळ फोटो टाकून द्यावेत का? जागा अडते. (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. आज चांगला वाटणारा स्कॅन दहा वर्षांनी पुन्हा करावासा वाटेल, तेव्हा मूळ हवा. शिवाय जुना कृष्णधवल फोटो कोरड्या जागी ठेवला तर शंभर वर्षं सहज काढतो. कुठली हार्ड डिस्क एवढी टिकल्याचं मी ऐकलेलं नाही.

जागाही फार लागत नाही. पातळ कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवे ठेवा. खोकं पोटमाळ्यावर नको, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीच्या कपाटात नको. जुने जाड कागदाचे फोटो हिवाळ्याच्या कोरड्या हवेत सुरळीसारखे वळतात, ते बोटांनी दाबून सरळ करू नका, वरचा थर तडकतो. पाठीवर लिहायचं तर मऊ शिसपेन्सिलीने आणि कडेला. बॉलपेनची रेघ पलीकडे, कुणाच्या तरी गालावर उमटते.

टाकून द्यायचंच असेल तर तो ऐंशीच्या दशकातला चिकट पानांचा अल्बम टाका, वर प्लॅस्टिकचा पडदा असतो तो. त्याचा डिंक फोटो खातो. फोटो निघत नसतील तर ओढू नका. दात साफ करायचा बारीक दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू पुढेमागे सरकवत न्या, बरेचसे सुटतात. जे सुटत नाहीत त्यांचं पान कापून पानासकट ठेवा.